"बाबा आले! काय आणलं?" - मुलाचं वजन आणि माझं ताट

डोंबिवलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असतो. पण गेल्या शनिवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये आणि इथे लहान मुलांचे आईबाप बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमचा मुलगा सव्वाचार वर्षांचा. लसीसाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे उंची-वजन घेतलं. उंची १०४ सेंटीमीटर, वजन २१ किलो. तक्त्यावर पेनाने टिंब काढलं आणि कागद आमच्याकडे फिरवून ठेवला. या उंचीच्या मुलाचं वजन साधारण साडेसोळा-सतरा किलो असतं म्हणाले. आमचं टिंब वरच्या दुसऱ्या रेषेच्याही पलीकडे होतं. "घाबरू नका, पण आता सोडूनही देऊ नका," इतकंच बोलून त्यांनी दिवसभराचं खाणं विचारायला घेतलं.

बायको सांगत होती. सकाळी दूध, शाळेच्या डब्यात पोळीभाजी, दुपारी वरणभात-कोशिंबीर, चारला एखादं फळ. डॉक्टर लिहून घेत होते. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आणि रात्री आठनंतर?"

आम्ही दोघंही गप्प. कारण आठनंतर मी घरी येतो.

रोजचं सांगतो. दारात किल्लीचा आवाज आला की हा आतून धावत येतो. "बाबा आले!" आणि लगेच "काय आणलं?" माझ्या बॅगेचा बाहेरचा कप्पा त्याला पाठ आहे. कधी क्रीम रोल, कधी वेफर्सचा पुडा, कधी टेट्रा पॅकमधला आंब्याचा ज्यूस, काही सुचलं नाही तर चॉकलेट. स्टेशनच्या बाहेर पडता पडता घ्यायचं आणि रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. सकाळी तो झोपेत असताना मी निघतो, रात्री तो झोपायच्या आधी तासदोन तास मिळतात. तो कप्पा उघडतानाचा त्याचा चेहरा, त्यासाठी मी गाडीत लोंबकळत येतो म्हणा ना.

माझे वडील पण खाऊ आणायचे. पगाराच्या दिवशी, वर्तमानपत्रात बांधलेली पावशेर बालूशाही, सहा जणांत. महिन्यातून एकदा. परवा रात्री झोप येईना तेव्हा हे लक्षात आलं. त्यांचा महिन्याचा खाऊ मी रोजचा करून टाकलाय.

साडेआठला जेवायला बसतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं. मग मोबाइल लावून मी भरवतो. "हा एक बाबाचा, हा एक आजीचा." बायको म्हणते, नको असेल तर राहू दे. माझं म्हणणं, ताटात टाकायचं नाही. दहाला मॅच बघत मी भडंग किंवा फरसाण घेऊन बसतो, तेव्हा हा मांडीवर असतोच.

रविवारी दुपारी दोडक्याची भाजी होती. मला दोडका लहानपणापासून आवडत नाही. मी फोडी निवडून ताटाच्या डाव्या बाजूला, मिठाच्या शेजारी सारून ठेवतो. सवयच आहे. सहज त्याच्या ताटाकडे बघितलं. त्याच्याही दोडक्याच्या फोडी तिथेच होत्या. डाव्या बाजूला, मिठाच्या शेजारी, ओळीने. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात बायको म्हणाली होती, "दिवसभर मी जे करते ते तू आल्यावर दहा मिनिटांत पुसलं जातं." ती चिडून नाही बोलली, दमून बोलली. ते जास्त लागलं. माझं स्वतःचं वजन ९२ आहे, वय ३६, साखर काठावर.

तुम्हाला विचारायचंय ते हे, की बापाच्या खाण्याने खरंच इतका फरक पडतो का? आणि दारातला तो क्षण न मोडता खाऊ कसा बंद करू?

---

गोदाकाठ

दादा, तुमच्या बायकोचं ते वाक्य मी आमच्या घरात किमान शंभर वेळा बोलले असेन. फरक इतकाच की आमच्याकडे ते कोणी ऐकून घेतलं नाही. तुम्ही घेतलंत.

मूल वाळलं तर "आई नीट खायला घालत नाही", मूल सुटलं तर "आई लाड करते". डॉक्टरांकडे प्रश्न आईला, शाळेत डब्यावरून बोलणी आईला, सासरी तर विचारूच नका. बाबा बिचारा कामावरून दमून आलेला असतो, त्याने दोन बिस्किटं दिली तर कुठे बिघडलं? पण रोज 'नाही' म्हणणारी मी आणि 'हो' म्हणणारा तो, यातून मुलीने काय शिकायचं ते शिकली. वडाभातासारखं घरचं काही केलं तरी ती आधी बाबांना विचारायची, "आपण बाहेरून मागवूया?"

आमचं गाडं रुळावर आलं ते एका गोष्टीने. मुलगी झोपल्यावर आम्ही दोघांनी बसून ठरवलं की बाहेरचं फक्त रविवारी आणि ते दोघांनी मिळून ठरवायचं. मुलीसमोर एकमेकांचं 'नाही' मोडायचं नाही. पहिले दहा दिवस फार रडारड झाली, त्याची तयारी ठेवा.

---

आजोबा_मिरज

मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो, राग मानू नये. चार वर्षांच्या लेकराला रेषा आणि टिंबं कसली लावता? आमच्या वेळी बाळसं धरलेलं मूल बघून लोक म्हणायचे, खात्यापित्या घरचं आहे. वाढत्या वयात अंगावर असलेलं उंची वाढली की आपोआप उतरतं. पोराच्या तोंडचा घास मोजू नये.

एक मात्र तुमचं पटलं. आमच्याकडे पंगतीला घरातली सगळी पुरुषमंडळी आणि मुलं एकत्र बसत. पानात पडेल ते खायचं. माझ्या वडिलांनी कारलं खाल्लं की आम्हीही खायचो. दुसरं काही मिळणारच नव्हतं.

---

आहारवाली

मी पुण्यात लहान मुलांच्या आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्यासमोरच्या खुर्चीत दहापैकी नऊ वेळा एकटी आई बसलेली असते, म्हणून हा धागा एका बाबांनी काढलाय याचं मला फार बरं वाटलं.

आजोबा, आदराने सांगते. बाळसं हे पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वाढदिवसानंतर मूल वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं आणि एकदम उभट दिसायला लागतं, ते निरोगीच असतं. नेमकं त्याच वयात घरच्यांना वाटतं, हा खात नाही, वाळला. मग भरवणं सुरू होतं. "आपोआप उतरतं" हे काही मुलांच्या बाबतीत खरं ठरतं, पण आपल्याकडे त्यावर विसंबून राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते स्नायू. चरबी जवळपास तेवढीच होती. म्हणजे वरून बारीक, आतून चरबी. मधुमेह आपल्याला इतक्या लवकर गाठतो, त्याचं एक मूळ इथे आहे. अशा शरीरावर लहानपणी वरून वजन चढणं आपल्याला परवडणारं नाही.

आता बाबांच्या पहिल्या प्रश्नाकडे. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. त्यात दिसलं की तीन वर्षांखालचं मूल स्वतः गुटगुटीत आहे का, यावरून ते मोठेपणी लठ्ठ होईल का हे फारसं कळत नाही. आईवडिलांच्या वजनावरून मात्र कळतं. दहा वर्षांखालच्या मुलाचे आई किंवा वडील लठ्ठ असतील तर मोठेपणी त्याचा धोका दुपटीहून जास्त. यात रक्तातून आलेलं किती आणि ताटातून आलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. रक्ताचं तुमच्या हातात नाही. ताट आहे.

आणि तो "एक बाबाचा, एक आजीचा". हे मला सगळ्यात आधी थांबवायचंय. बालवाडीच्या वयाच्या मुलांवर सूपचा एक साधा प्रयोग झाला होता. एका सूपच्या वेळी मोठी माणसं सारखं म्हणत होती, "संपव बरं." दुसऱ्या सूपच्या वेळी कोणी काही बोललं नाही. मुलांनी जास्त प्यायलं ते न बोललेलं सूप, आणि "संपव" म्हटलेल्या सूपला नावंही जास्त ठेवली. जबरदस्तीने भरवल्यावर मूल दोन गोष्टी शिकतं: हा पदार्थ वाईट आहे, आणि पोट भरल्याचं स्वतःचं स्वतःला कळत असलं तरी त्याला किंमत नाही. मोबाइल लावून भरवल्यावर तर ते कळणंच बंद होतं.

मी पालकांना एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी सांगते. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. तुमच्या घरात सध्या बरोबर उलटं चाललंय. काय आणि कधी हे मुलगा दारात ठरवतो, किती हे तुम्ही.

दोडक्याबद्दल: नवी भाजी मुलाला आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. चाखणं म्हणजे नुसतं जिभेला लावणं. आणि बाबा, त्या प्रत्येक वेळी तुमच्याही ताटात तो असायला हवा, मिठाच्या शेजारी नाही, तोंडात.

कृपा करून त्याला 'डाएट' वर ठेवू नका. या वयात वजन उतरवायचं नसतं. वाढीचा वेग आटोक्यात ठेवायचा, उंची आपलं काम करते. झोपही बघा, या वयाला १० ते १३ तास लागते. दहाच्या मॅचला तो मांडीवर असेल तर ती कुठून मिळणार?

---

गोदाकाठ

आहारवाली ताई, फळांचा ज्यूस चालतो ना पण? आंब्याचाच असतो म्हणून आम्ही कोल्ड्रिंकऐवजी तो देतो.

---

आहारवाली

पुड्यामागची यादी वाचा. आंब्याच्या रसाबरोबर पाणी आणि साखर असते. आंबा द्यायचा तर आंबा द्या, कोय चोखू दे, हात बरबटू दे. कोल्ड्रिंकच्या २०० मिलीमध्ये साधारण २० ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. मोठ्या माणसाने दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहावं म्हणतात. तहानेला पाणी, ताक, शहाळं.

---

हिरवा_चाफा

मी इथे वाचक म्हणूनच असते. आज लिहितेय, कारण या धाग्यातला मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे आणि अजून वेळ गेलेली नाही.

मी सहा-सात वर्षांची असताना माझ्या बाबांच्या लक्षात आलं की मी जाड आहे. ते वाईट नव्हते. माझी काळजीच होती त्यांना. पण ती त्यांनी दाखवली कशी, तर जेवताना माझ्या ताटाकडे बघून. मी दुसरी पोळी घेतली की ते आईकडे बघायचे. पाहुण्यांसमोर "आमच्या जाडीला गोड वाढू नका" म्हणायचे आणि स्वतः दोन वाट्या श्रीखंड घ्यायचे. भावाला कोणी काही बोलत नसे.

मी त्यांच्यासमोर कमी खायला शिकले. ते ऑफिसला गेले की ओट्यापाशी उभी राहून साखर-तूप-पोळीचे रोल खायचे, भरभर, दाराकडे लक्ष ठेवून. आज मी ३४ वर्षांची आहे. नवरा जेवताना नुसता माझ्याकडे बघतो, काही बोलतही नाही, तरी माझा घास अडतो.

बाबा, तुम्ही जे काही बदलाल ते घरातल्या सगळ्यांसाठी बदला. त्याला वेगळं काढू नका. त्याच्यासमोर किलो, टिंब, रेषा हे शब्द काढू नका. आणि खाऊ बंद झाला तर तो त्याच्या अंगामुळे बंद झाला असं त्याला कधी कळू देऊ नका.

---

डोंबिवलीकर_बाबा

हिरवा चाफा ताई, हे तीनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. गेल्याच आठवड्यात मी त्याला सोसायटीत सगळ्यांसमोर "आमचा भोपळा" म्हणून हाक मारली होती, लाडाने. आजपासून बंद.

---

दूरदेशी

मी ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला राहतो, सिडनीच्या उत्तरेला. इथल्या विद्यापीठाने थेट बाबांसाठीच एक कार्यक्रम बनवला होता, 'हेल्दी डॅड्स, हेल्दी किड्स'. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन जास्त असलेले ५३ बाबा आणि त्यांची प्राथमिक शाळेतली ७१ मुलं होती. आठ बैठका, त्यातल्या पाच फक्त बाबांच्या आणि तीन मुलांसोबत. ज्यांना कार्यक्रम मिळाला त्या बाबांचं सहा महिन्यांत सरासरी साडेसात किलोच्या आसपास वजन उतरलं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. आणि मुलांची हालचाल वाढली, खाणंही सुधारलं.

मला यातलं आवडलेलं हे की मुलांना कोणी "तुमचं वजन कमी करा" म्हटलं नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही तुमचं बघा, आणि मुलांशी दंगामस्ती करा. कुस्ती, चेंडू, पाठंगुळी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतं. दारात त्याला तुम्ही हवे आहात. चॉकलेट तुम्ही जोडलंत. बॅग खाली ठेवा आणि त्याला पाठंगुळीला घेऊन जिन्याने गच्चीवर जाऊन या. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे, अजूनही मी आलो की बूट घालून तयार असते.

---

सेविका_ताई

मी जव्हारकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. तुमच्या धाग्याचा विषय वजन जास्त असल्याचा आहे, आमच्याकडे उलटा. पण पुडा तोच आहे म्हणून लिहिते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, चौथा हिस्सा मुलं उंचीच्या मानाने बारीक. आणि त्याच पाहणीत जास्त वजनाची मुलं चार वर्षांत १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलेली. दोन्ही एकाच राज्यात.

आमच्याकडे बाप वीटभट्टीवरून किंवा बांधकामावरून घरी आला की पोराला खांद्यावर घेऊन बाजाराला जातो. पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा घेऊन देतो. त्याचाही जीव तुटतो ना लेकरासाठी. पोर दिवसभर तो पुडा मुठीत धरून असतं. मग खिचडी खात नाही, वरण खात नाही. पुड्याने पोट भरतं, अंगाला लागत नाही. तुमच्या शहरात त्याने वजन चढतं, आमच्या पाड्यावर उतरतं.

बैठकीला आया यायच्या, त्यांना सगळं पाठ होतं. पुडा आणणारा बैठकीला नसायचा. म्हणून मी दोन वर्षांपासून बापाच्या सुट्टीच्या दिवशी वजन घेते. पोराला काट्यावर बापानेच ठेवायचं आणि आकडा बापानेच मोठ्याने वाचायचा. एका बापाने वाचला, ८ किलो २००. पोर अडीच वर्षांचं. तो बराच वेळ काट्याकडेच बघत राहिला. पुढच्या बाजारातून त्याने अंडी आणली, फडक्यात बांधून, चार. मला दाखवायला मुद्दाम अंगणवाडीत घेऊन आला.

---

रात्रपाळी

चाकणला कंपनीत आहे, आठवड्याआड पाळी बदलते. रात्रीचं जेवण मुलांसोबत कधी मिळतं, कधी नाही. पण रात्रपाळीवरून सकाळी साडेसातला पोचतो तेव्हा मुलीची शाळेची गडबड असते. मी तिच्यासोबत खाली बसून भाकरी-दूध खातो आणि मगच झोपतो. पूर्वी ती बिस्किटं बुडवून निघून जायची. आता मी बसलो की बसते. वीस मिनिटंच मिळतात, पण रोज.

---

आजोबा_मिरज

सर्वांचे प्रतिसाद वाचले. आहारवाली बाईंनी समजावून सांगितलं ते मान्य. हिरवा चाफा, बाळ, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या धाकट्या मुलीला असंच बोलत असे. आज तिला फोन केला.

आणि खिशात नातवंडांसाठी गोळ्या ठेवतो, त्या आता ठेवणार नाही. बोरं ठेवीन, हंगाम आहे तोवर.

---

डोंबिवलीकर_बाबा

तीन आठवड्यांनी लिहितोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं, म्हणून इथेच सांगतो.

पहिले चार दिवस वाईट गेले. रिकामा कप्पा बघून तो दारातच बसकण मारायचा. दुसऱ्या दिवशी तर माझ्याकडे न बघता आत निघून गेला. मला खरंच वाटलं, परत जाऊन काहीतरी घेऊन यावं. बायकोने हात धरला. पाचव्या दिवशी स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडून ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, मातीसकट. घरी दोघांनी धुतल्या, कुकरला उकडल्या आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. त्याला शेंग फोडता येत नव्हती. अंगठ्याने टोकाला दाबायचं, हे शिकायला अर्धा तास गेला. दाणे मी चिमटीत चेचून देत होतो. त्या अर्ध्या तासात त्याने मोजून अकरा शेंगांचे खाल्ले, आणि मोबाइलची आठवण निघाली नाही. आता कप्प्यात कधी पेरू असतो, कधी मटार, कधी कढीपत्त्याची काडी किंवा लिंबं, म्हणजे जे आईला लागणार आहे ते. तो कप्पा उघडतो आणि "आई, लिंबं आणली!" ओरडत आत पळतो. बाहेरचं काही असलं तर रविवारी, तिघांत.

भरवणं बंद केलंय. हे माझ्यासाठी सगळ्यात कठीण होतं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तो दोन-दोन घास खाऊन उठला, मी मांडीखाली हात दाबून बसलो. तिसऱ्या दिवशी वरणभात मागून घेतला. टीव्ही साडेआठ ते सव्वानऊ बंद असतो. साडेनऊला तो झोपतो. मॅच मी तो झोपल्यावर बघतो, भडंगाशिवाय.

माझं वजन दोन किलो उतरलंय. त्याचं अजून घेतलेलं नाही, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय आणि घरी काटा आणायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

आणि दोडका. आहारवाली ताईंनी सांगितल्यापासून आमच्याकडे सहा वेळा झाला. तिळकूट घालून, मुगाची डाळ घालून, शिरांची चटणी सुद्धा केली. पहिल्या वेळी घास गिळताना मला पाणी प्यावं लागलं. आता खातो, निवडत नाही. तो बघतो. तोंडाने काही म्हणत नाही, पण माझा हात कुठे जातो ते बघतो.

काल रात्री त्याने एक फोड उचलली, जिभेला लावली आणि परत ताटात ठेवली. या वेळी मिठाच्या शेजारी नाही, उजवीकडे, बाकीच्या भाजीत.